खो मिळाल्यापासूनच्या १६८ फ्रेम

आठवीतली एक मुलगी. शंभर मीटरला मुलांनाही ऐकत नाही. पण खो-खोत पाठलागाला बसली की, खो मिळून ही उठेपर्यंत समोरची संरक्षक निसटलेली असायची. 'उठायला मंद आहे,' असं सगळेच म्हणत. मीही दोन महिने तिच्याकडून उठाबशा नि बेडूकउड्या करून घेतल्या. फरक शून्य.

सारिका काळेंना २०२० साली अर्जुन पुरस्कार मिळाला, त्या आमच्या धाराशिवच्या. त्यांचं नाव घेत मुली मैदानावर येतात. अशा पोरीला राखीव म्हणून बसवणं जिवावर येतं.

शेवटी बाकीच्यांना उठवून तिला एकटीलाच चौकोनात बसवलं, मोबाइल दप्तरांवर टेकवला आणि खांबाच्या बाजूने स्लो मोशनमध्ये चित्रीकरण केलं, सेकंदाला २४० फ्रेम. पाठीला हात लागल्यापासून पाऊल चौकोनाबाहेर पडेपर्यंत १६८ फ्रेम भरल्या. म्हणजे ०.७ सेकंद.

एकेक फ्रेम सरकवत गेले, तर पाय मंद नव्हतेच! आधी हनुवटी वर, मग छाती, मग अख्खं अंग ताठ उभं आणि त्यानंतर कुठे धाव. ती पॅरलल टो पद्धतीने, दोन्ही पावलं शेजारी ठेवून बसायची. भार टाचांवर. गुरुत्वमध्य पुढे आणण्यातच निम्मा वेळ जात होता.

"अशी मागे रेलून का बसतेस गं?"

"बाई, तालुक्याला खोच्या आधी हलले म्हणून फाऊल दिला होता ना."

त्या दिवशी 'खो मिळाल्याशिवाय हलायचं नाही' असं मीच तिला बजावलं होतं. नियम तोच आहे. पण न हलताही भार पुढे ठेवता येतो, हे सांगायचं माझ्याकडून राहिलं. फार लागलं मला ते.

आता ती बुलेट टोने बसते: एक पाऊल पुढे, एक मागे, भार चवड्यांवर, हाताची बोटं जमिनीला, नजर चार हातांवरच्या मातीवर. सूचना एकच दिली, "उठू नकोस, निघ."

तीन आठवड्यांनी १३२ फ्रेम. वाचले ०.१५ सेकंद. संरक्षक सेकंदाला सहा मीटर पळते असं धरलं, तर तेवढ्यात ती ९० सेंटिमीटर पुढे जाते. गडी हातभराने सुटत होता, तो इथे.

डावीकडे वळताना मात्र अजून दहाएक फ्रेम जास्त लागतात. उद्या मागचं पाऊल बदलून बसवणार आहे.