नववीतली शारदा

शाळेच्या महोत्सवाच्या स्मरणिका समितीने पत्रात दोन पानांची मर्यादा घातली आहे आणि ‘शाळेने दिलेले संस्कार’ असा विषयही सुचवला आहे. हा शब्द या अंकात इतरत्र भरपूर येईल, म्हणून मी तो समितीला साभार परत करतो. मला लिहायचे आहे ते नववीच्या वर्षाबद्दल, आणि त्यातही एका नाटकाबद्दल. त्या वर्षी ते मराठीच्या तासाला, गाण्याच्या तासाला, इतिहासाच्या तासाला आणि शनिवारच्या वादविवाद मंडळातही आमच्या मागे लागले होते.

नाटक गोविंद बल्लाळ देवलांचे, ‘संगीत शारदा’. अभ्यासक्रमात ते नव्हते. स्नेहसंमेलनात त्यातले दोन प्रवेश बसवायचे असे गाण्याच्या गुरुजींच्या मनात आले. मराठीच्या बाईंनी अट घातली की ज्याला काम करायचे असेल त्याने आधी सबंध नाटक वाचायचे, नुसता आपला प्रवेश नाही. वाचनालयात प्रत एकच, तीही पाने सुटलेली. ती आमच्या वर्गात हातोहात फिरली. काही पाने दुसऱ्याच क्रमाने लागलेली होती, त्यामुळे आमच्यापैकी निम्म्या जणांना लग्न मोडल्याचे आधी कळले आणि ते ठरल्याचे नंतर.

ज्यांनी ते वाचलेले नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: पैशाच्या लोभाने कांचनभट आपली कोवळ्या वयाची मुलगी भुजंगनाथ नावाच्या म्हाताऱ्या श्रीमंताला द्यायला निघतो, आणि कोदंड नावाचा तरुण ते होऊ देत नाही. नाटक १८९९ चे. देवलांच्या सात नाटकांपैकी स्वतंत्र कथानकाचे हे एकच. बाकीची संस्कृतावरून किंवा परदेशी नाटकांवरून घेतलेली. भुजंगनाथाचे ‘पाऊणशे वयमान’ तर नाटक न पाहिलेल्यांच्याही बोलण्यात येते.

माझा आवाज त्याच वर्षी फुटला. गाणाऱ्यांतून माझी रवानगी तबल्यावर झाली आणि मी नाराज होतो. ही नाराजी गेली ती मराठीच्या तासामुळे. बाई तेव्हा वृत्ते शिकवत होत्या. यमाताराजभानसलगा हे गण लक्षात ठेवायचे सूत्र, लघू-गुरूच्या खुणा, गणांचे तुकडे. वर्गातल्या बहुतेकांना हा परीक्षेतल्या दोन गुणांचा जाच वाटे. भुजंगप्रयाताला बाईंनी मनाच्या श्लोकांचे उदाहरण दिले. ते सगळ्यांना तोंडपाठ होते. चार य गण (एक लघू, मग दोन गुरू), अक्षरे बारा. मी वहीच्या मागच्या पानावर सहज मात्रा मोजल्या. लघूची एक, गुरूच्या दोन, म्हणजे एका य गणाच्या पाच. दोन गणांच्या दहा. आणि झपताल दहा मात्रांचा! श्लोकाची एक ओळ म्हणजे झपतालाची नेमकी दोन आवर्तने.

मधल्या सुट्टीत गुरुजींना गाठले. ते म्हणाले, “वाजव, मी म्हणतो.” त्यांनी श्लोक समेपासून, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेपासून, धरला आणि तो ठेक्यात बसेना. झपतालाचे खंड दोन-तीन-दोन-तीन असे पडतात. श्लोकाचे दुसरे अक्षर गुरू, ते दोन खंडांमधल्या रेषेवर आडवेच येत होते. आकडे जुळत होते पण कानाला खटकत होते. गुरुजींनी मला बराच वेळ तसेच झगडू दिले आणि मग म्हणाले, “आता पहिले अक्षर समेच्या आधी घेऊ.” दहाव्या मात्रेवर तो इवलासा लघू उचलला आणि सम थेट गुरूवर आली. तिसऱ्या मात्रेवर पुढचा गुरू, सहावीवर त्याच्या पुढचा, आठवीवर आणखी एक. प्रत्येक खंडाच्या तोंडाशी एक गुरू येऊन उभा! लहानपणापासून पाठ असलेला श्लोक मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला असे म्हटले तरी चालेल.

पुढे गुरुजींनी मराठीच्या तासाला येऊन दिंडी हे वृत्त म्हणून दाखवले. बाईंनी फळ्यावर लिहिले होते: मात्रा एकोणीस, नऊ आणि दहा, मध्ये यती. यती म्हणजे काय हे बाईंनी तीन वेळा समजावूनही आमच्या डोक्यात शिरले नव्हते. गुरुजींनी नवव्या मात्रेनंतर श्वास घेतला आणि काम झाले. साकी, दिंडी, कामदा हे सगळे जुन्या संगीत नाटकवाल्यांच्या रोजच्या वापरातले. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणले तेव्हा प्रेक्षकाला या चाली आधीपासून ठाऊक होत्या. कीर्तनात आणि घरात त्या कानावर पडत. परिचित चालीतून नवा विषय आत शिरतो, असे गुरुजींचे मत. देवलांनी तेच केले म्हणायचे ते. एरवी ‘म्हाताऱ्याशी पोरीचे लग्न लावू नका’ असे कोणी व्याख्यान दिले असते तर निम्मे लोक उठून गेले असते.

भूगोल, भूमिती वगैरेंबद्दल मला काही लिहायचे नाही. ते विषय आम्हाला नीट शिकवले गेले, एवढे पुरे.

इतिहासाचे सर वेगळ्या मुशीतले होते. पाठ्यपुस्तकात संमतिवयाच्या, म्हणजे शरीरसंबंधाचे किमान वय ठरवणाऱ्या, कायद्यावर दोन ओळी होत्या. सरांनी त्या वाचल्या, पुस्तक मिटले आणि विचारले, “शारदा करताय ना तुम्ही? मग १८९१ च्या या दोन ओळी कोणाला लागू पडतात सांगा.” कोणालाच सांगता येईना. मग पुढचे कितीतरी तास त्या दोन ओळींवर गेले.

रखमाबाईंची हकीकत आम्ही तेव्हा प्रथम ऐकली. अकराव्या वर्षी लग्न लागलेली मुलगी. मोठी झाल्यावर नवऱ्याकडे नांदायला जायचे नाकारते. नवरा दादाजी भिकाजी कोर्टात जातो. १८८५ साली न्यायमूर्ती पिन्हे तिच्या बाजूने निकाल देतात. वर अपील होते, निकाल फिरतो, आणि १८८७ साली तिला सांगितले जाते की नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात. ती तुरुंगाला तयार होते. सरांनी हे वाक्य फार शांतपणे उच्चारले आणि खिडकीशी जाऊन उभे राहिले. शेवटी पैसे देऊन तडजोड झाली, रखमाबाई विलायतेला गेल्या आणि डॉक्टर होऊन परतल्या. आमच्या वर्गातल्या मुली त्या दिवशी मधल्या सुट्टीत आमच्याशी बोलल्या नाहीत. जणू दादाजी आम्हीच!

मग टिळक आणि आगरकर. पुस्तकात त्यांची छायाचित्रे शेजारी-शेजारी होती आणि खाली ‘मतभेद’ हा शब्द. सरांनी तो शब्द उलगडला. कोल्हापूर प्रकरणात, म्हणजे तिथल्या दिवाणांच्या बदनामीच्या खटल्यात, १८८२ साली दोघे डोंगरीच्या तुरुंगात एकशे एक दिवस एकत्र होते. आगरकर ‘केसरी’चे पहिले संपादक, पण १८८७ मध्ये ते तिथून बाहेर पडले आणि पुढल्या वर्षी त्यांनी ‘सुधारक’ काढले. संबंधाची किमान वयोमर्यादा दहावरून बारा वर्षांवर नेणारा कायदा सरकारने करावा की नाही, हा वाद पेटला तेव्हा एक जण म्हणत होता की परक्या सरकारला आमच्या घरात शिरू देऊ नका, आणि दुसरा म्हणत होता की घरातले लोकच जर मुलीला वाचवत नसतील तर तिने कोणाकडे जायचे. सर दोघांचे लेख वाचून दाखवत. टिळकांचे वाचताना टिळकांचे वाटत, आगरकरांचे वाचताना आगरकरांचे. त्यांचे स्वतःचे मत काय, हे शाळा सुटेपर्यंत आम्हाला कळले नाही. तेव्हा मला हा लबाडपणा वाटे. आज तसे मत जाहीर करायची घाई झालेले शिक्षक पाहतो तेव्हा सरांची ती चिकाटी कळते.

याच ओघात त्यांनी विचारले, “१९२९ च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्याला लोक शारदा कायदा का म्हणतात?” सगळ्यांचे हात वर. देवलांच्या नाटकामुळे! दुसरे काय असणार? सरांनी फळ्यावर नाव लिहिले: हरविलास सारडा. अजमेरचे, केंद्रीय विधिमंडळाचे सदस्य, विधेयक त्यांनी मांडलेले. सारडाचे आमच्याकडे शारदा झाले, आणि नाटक एवढे मनात बसलेले होते की कोणाला शंकाही आली नाही. “गोष्ट फारच चांगली जुळली की आधी कागद बघायचा,” एवढेच सर म्हणाले.

आता वादविवाद मंडळ. त्याला गुण नव्हते, तासही वेळापत्रकात नव्हता, आणि माझ्या मते शाळेतला सर्वांत कठीण विषय तोच होता. नियम एकच: बाजू चिठ्ठी टाकून ठरायची. तुम्हाला काय वाटते याच्याशी कोणाला देणेघेणे नव्हते. त्या शनिवारी विषय होता, ‘समाजसुधारणा कायद्याने व्हावी की लोकमताने’. मी मनाने पक्का आगरकरांचा. चिठ्ठी निघाली लोकमताची.

सरांनी मला १८९० सालच्या टिळकांच्या सूचना काढून दिल्या. त्या वाचून मी चक्रावलो. सुधारणेला विरोध करणारा माणूस म्हणून मी ज्यांना ओळखत होतो, ते म्हणत होते: मुलीचे लग्न सोळाच्या आत नको, मुलाचे विसाच्या आत नको, चाळिशीनंतर पुरुषाने लग्न करू नये, केलेच तर विधवेशी करावे, हुंडा बंद, विधवेचे केशवपन बंद. फक्त हे सरकारच्या कायद्याने नको; ज्यांना पटते त्यांनी सही करून स्वतःवर बंधन घालून घ्यावे. मला शस्त्र मिळाले. मी उभा राहून म्हणालो की सरकार बारा म्हणते, आम्ही सोळा म्हणतो. आणि चाळिशीचा नियम पाळला गेला असता तर भुजंगनाथाला मांडवात पाऊलही ठेवता आले नसते. टाळ्या पडल्या.

समोर जी मुलगी होती ती पुढे वकील झाली, यात नवल नाही. तिने आधी मला दुरुस्त केले, की बारा हे लग्नाचे वय नव्हते, संबंधाचे होते. दोन वेगळ्या गोष्टींची तुलना करून टाळ्या घेऊ नका. मग तिने विचारले, “तुमच्या कागदावर भुजंगनाथ सही करणार का?” मी म्हणालो की समाज त्याच्यावर दबाव आणेल. ती म्हणाली, “समाज तर त्याच्या लग्नात जेवायला बसला होता.”

माझ्याकडे एकच पान उरले होते, ते मी टाकले. नाटकात लग्न मोडते ते कशामुळे? कायद्याने नाही, आणि मुलीच्या अश्रूंनीही नाही. वधू-वर सगोत्र आहेत हे उघडकीला येते म्हणून! म्हणजे देवलांनाही ठाऊक होते की लोक ऐकतात ते शास्त्राचे. रूढीला रूढीनेच थोपवावे लागते. मी खाली बसलो. परीक्षक म्हणून मागे बसलेल्या मराठीच्या बाई, ज्या एरवी मध्ये कधीच बोलत नसत, त्या उठल्या आणि म्हणाल्या, “मग समजा, गोत्र वेगळे असते तर?”

निकाल समोरच्या पक्षाच्या बाजूने लागला. पण बाईंचा तो प्रश्न कोणाच्याच बाजूचा नव्हता. तो नाटककाराला होता. देवल कचरले, की प्रेक्षकाला दुखावल्यावाचून काम साधायचे म्हणून त्यांनी मुद्दाम ही वाट काढली? तालमी चालू असताना आम्ही यावर इतके भांडायचो की गुरुजी पेटी बंद करून बसत. एकदा त्यांनी मध्येच सांगितले की देवलांच्या काळी शारदा पुरुष नट रंगवत. मुलीचे दुःख मुलगा गाणार आणि ते ऐकायला बसणार त्याही मुलींचे बापच. यावर दोन्ही पक्ष थोडा वेळ गप्प झाले, आणि पुन्हा भांडू लागले.

संमेलनातला प्रयोग बरा झाला. पडदा अडकला, तो हाताने ओढावा लागला. शारदेचे काम केलेल्या मुलीने पद फार सुरेख म्हटले. मी झपताल वाजवला नाही, कारण त्या पदाला तो नव्हताच.

आमची वकील मैत्रीण आणि मी अजून त्या सगोत्राच्या मुद्द्यावर वाद घालतो. मी देवलांना चतुर मानतो, ती भित्रे मानते. मध्यंतरी तिने नवीन मुद्दा काढला. १९२९ च्या कायद्याने मुलीचे वय चौदा केले, १९७८ मध्ये ते अठरा झाले, २००६ च्या कायद्याने असे लग्न रद्द करून घेण्याचा हक्क त्या मुलीला मिळाला. पण यातला एकही कायदा नवऱ्याच्या वरच्या वयाबद्दल अवाक्षर काढत नाही. अठरा पूर्ण झालेल्या मुलीशी पाऊणशेचा भुजंगनाथ आजही लग्न लावू शकतो. म्हणजे बाला-जरठ विवाहातल्या ‘बाला’चा बंदोबस्त झाला, ‘जरठा’चा, म्हणजे म्हाताऱ्याचा, नाहीच. मी आनंदाने म्हणालो, “बघ, म्हणजे शेवटी लोकमतच.” ती म्हणाली, “किंवा आणखी एक कायदा.”

महोत्सवात माजी विद्यार्थ्यांचा वादविवाद ठेवायचा विचार आहे असे समितीच्या पत्रात शेवटी लिहिले आहे. आम्ही दोघेही येतो. विषय हाच ठेवा, आणि बाजू मात्र चिठ्ठी टाकूनच ठरवा. या वेळी तिच्या वाट्याला टिळक यावेत अशी माझी फार इच्छा आहे.