तुम्ही विचारलंत म्हणून: हरिहरेश्वरच्या खडकाला जाळी कुणी पाडली?

रायगड जिल्ह्यातल्या हरिहरेश्वरला जाऊन आलेल्या लोकांचे दोन प्रश्न ठरलेले असतात. देवळाजवळच्या डोंगराला समुद्राकाठून घालतात त्या प्रदक्षिणेच्या वाटेवरच्या खडकाला मधाच्या पोळ्यासारखी जाळी कशी पडली, हा पहिला. वाट पाण्याखाली म्हणून ज्यांना मागे फिरावं लागलं त्यांचा दुसरा: मग जायचं कधी? दोन्ही प्रश्न एकाच गोष्टीपाशी येतात. त्या कड्यावर पाणी किती उंचीपर्यंत चढतं, आणि किती वेळ टिकतं.

जाळी लाटांनी कोरली, असं बहुतेक जण धरून चालतात. तसं असतं तर लाट रोज आपटते तिथे ती सर्वांत दाट दिसली असती. तिथे खडक उलट घासून गुळगुळीत झालेला असतो. जाळी दिसते ती त्याच्या वर, जिथे लाट क्वचितच पोचते पण तिचे तुषार सतत उडतात.

काम करतं ते मीठ. खारं पाणी खडकाच्या बारीक छिद्रांत आणि भेगांत शिरतं, ऊन पडलं की पाणी उडून जातं आणि मिठाचे स्फटिक मागे राहतात. हे स्फटिक अडचणीच्या जागेत वाढतात आणि आजूबाजूच्या कणांना ढकलतात. रोज भिजणं, रोज सुकणं, दर वेळी दोन-चार कण सुटे. एकदा खळगा पडला की त्यात सावली आणि ओल जास्त वेळ राहते, म्हणून तो आणखी खोल होत जातो. मधल्या भिंती का टिकतात, यावर मात्र अभ्यासकांची एकाहून जास्त उत्तरं आहेत: कुणी भिंतींचा पृष्ठभाग क्षारांनी घट्ट होतो म्हणतं, कुणी भिंतीचा कडेचा भाग लवकर कोरडा पडतो म्हणून मीठ तिथे जमत नाही असं सांगतं. दोन्ही गोष्टी एकाच वेळी घडायलाही हरकत नाही. खळग्याच्या आत बोट फिरवून पाहा. तळाशी पिठासारखा भुगा हाताला लागला, तर काम अजून चालू आहे. नखाने खरवडू मात्र नका. भिंती काही ठिकाणी बोटाएवढ्याही जाड नसतात, आणि मोडलेली भिंत परत येत नाही.

एक गफलत नेहमी होते. इथला खडक बेसॉल्ट, म्हणजे थिजलेला लाव्हा. त्यात दुसऱ्याही प्रकारची भोकं असतात आणि ती खडकाच्या जन्मापासूनची आहेत. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर पसरले, त्यातूनच सह्याद्री घडला आणि हा कडाही. लाव्हा थंड होताना आतले वायू वर यायला धडपडतात आणि थराच्या माथ्याजवळ बुडबुडे अडकून बसतात. ही भोकं वाटाण्याएवढी, गोल किंवा चपटी, एकमेकांपासून सुटी आणि बऱ्याचदा पांढऱ्या खनिजाने भरलेली असतात. मिठाची जाळी तशी नसते. तिचे खळगे एकमेकांना खेटून असतात, मध्ये पातळ भिंत, आणि ते उघड्या पृष्ठभागापासून आत गेलेले असतात. खडक फुटलेला दिसला तर ताज्या फुटीकडे बघावं: आतपर्यंत भोकं असतील तर ती लाव्हाची, वरच्या काही बोटांपुरतीच असतील तर मिठाची.

आता पायाखाली. ओहोटीला जो सपाट कातळ उघडा पडतो, ज्यावरून प्रदक्षिणा होते, तो तरंगघर्षित मंच. हे पाठ्यपुस्तकातलं नाव जरा जड आहे, पण अचूक आहे. लाटा कड्याच्या पायथ्याशी खाच पाडतात, वरचा खडक अधांतरी होतो, कधीतरी कोसळतो, त्याचे दगड-गोटे लाटांच्या हातातलं हत्यार होतात आणि कडा मागे सरकतो. मागे उरतो तो त्याचा तळ. वळणाऱ्या पाण्यात एखादा गोटा खळग्यात अडकून फिरत राहिला की रांजणखळगा तयार होतो. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या निघोजला कुकडी नदीने हेच केलंय, इथे समुद्र करतो. शेवटच्या हिमयुगात समुद्राची पातळी आजच्यापेक्षा १२० मीटरच्या आसपास खाली होती आणि आजच्या पातळीजवळ पाणी येऊन जेमतेम सहा-सात हजार वर्षं झाली. म्हणजे खडक कोट्यवधी वर्षांचा, पण या पायरीवरचं हे कोरीवकाम कालपरवाचं.

डोंगर पुढे आलेला आणि शेजारी वाळूचा किनारा, ही जोडीही योगायोगाची नाही. उथळ पाण्यात लाटेचा वेग कमी होतो. भूशिरासमोर, म्हणजे समुद्रात पुढे आलेल्या डोंगरासमोर, तळ आधी उथळ होतो, म्हणून लाटेचा तेवढा भाग मागे पडतो आणि बाकीची लाट त्याच्याकडे वळते. जोर भूशिरावर एकवटतो, खाडीत पसरतो. भूशिर झिजतं, वाळू शेजारच्या वाकणात साठते. भूशिरावरसुद्धा मार सगळीकडे सारखा बसत नाही. लाट भेगा शोधते. देवळाकडून खाली उतरणाऱ्या पायऱ्या दोन कड्यांमधल्या ज्या अरुंद घळीतून जातात, तशा घळी आणि कपारी खडकाच्या कमकुवत रेषेवरच पडतात. भेगेत लाट घुसली की आतली हवा दाबली जाते, लाट मागे गेली की ती एकदम सुटते. तो धप्प आवाज त्याचाच.

आता दुसरा प्रश्न. कोकणात भरतीच्या वेळेचा जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट. द्वितीयेला दीड वाजता पूर्ण भरती, चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. आणि त्यात साधारण सहा तास मिळवले की ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेला भरती बाराच्या सुमाराला. दिवसातून दोनदा हेच चक्र. पण हा अंदाज आहे. जागेनुसार अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, म्हणून बेत आखायला वापरा, पाऊल टाकायला नाही. निघण्याआधी त्या दिवसाचं भरतीचं कोष्टक पाहायचंच.

नुसती ओहोटी असूनही भागत नाही, ती किती खाली जाते ते महत्त्वाचं. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते, म्हणजे पाणी फार चढत नाही आणि फार उतरतही नाही. दुपारी बाराला ओहोटी असली तरी मंच पुरता उघडा पडेलच असं नाही. अमावास्या किंवा पौर्णिमेनंतरच्या दोन-तीन दिवसांत उधाण असतं, पाणी खूप खाली जातं, आणि द्वितीया-तृतीयेला ती ओहोटी साडेसात ते सव्वाआठच्या सुमाराला येते. सकाळचं तिरपं ऊन, थंड कातळ, भरपूर उघडा मंच. यापेक्षा चांगली वेळ नाही.

पूर्ण ओहोटीच्या तास-दीड तास आधी निघावं आणि पाणी वळायच्या आत डोंगर उजव्या हाताला ठेवून वाट पुरी करावी. कारण पाणी एकसारखं चढत नाही. सहा तासांच्या चढाचे बारा हिस्से धरले तर पहिल्या तासात एक हिस्सा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या-चौथ्यात तीन-तीन. चढउतार तीन मीटरचा धरला तर मधल्या दोन तासांत पाणी तासाला पाऊण मीटर वर येतं, म्हणजे मिनिटाला एक सेंटिमीटरहून जास्त. पहिला तास काहीच होत नाही असं वाटतं, फोटो काढत बसलेली माणसं तिथेच फसतात. कड्याला टेकून उभं राहिलं तर मागे जायला जागा नसते आणि जाळीच्या भिंतीला धरून चढता येत नाही.

पायात पकड असलेले बूट हवेत, चपला नकोत. काळा ओला कातळ आणि हिरवं शेवाळ, दोन्ही घसरतात. शिंपल्यांनी आणि कालवांनी भरलेला खडक घसरत नाही, पण पडलात तर पात्यासारखा कापतो. जून ते सप्टेंबर तो विचारच नको. आणि आकाश निरभ्र असलं म्हणून समुद्र शांत असेलच असं नाही. दूरच्या वादळाच्या लांब लाटा इथे येऊन आपटतात. हैदराबादच्या इन्कॉइस या समुद्राची माहिती देणाऱ्या सरकारी संस्थेचा लाटांचा इशारा बघावा. वाट बंद असेल, किंवा देवळापाशी कुणी ‘आज नको’ म्हणालं, तर कोष्टकात काहीही लिहिलेलं असो, वरून बघून परत फिरावं.