पहाटेचे मजूर

रविवार, २१ डिसेंबर २०२५. रात्री.

पहाटे आलेल्या त्या मजुरांची बाजू घेणारा उपदेश मी आजवर एकदाही ऐकलेला नाही. बायबलातल्या मत्तयाचा विसावा अध्याय, म्हणजे द्राक्षमळ्याच्या मालकाने पहाटे आलेल्या आणि संध्याकाळी पाचला आलेल्या मजुरांना सारखाच रोज दिला ती येशूची गोष्ट, निघाली की सगळं ठरलेलं. मालक उदार, संध्याकाळी पाचला आलेले भाग्यवान, आणि पहाटेपासून राबलेले ते कुरकुरे. मग त्यांच्यावरून मंडळीला टोमणा, की बघा, दुसऱ्याचं भलं झालेलं आपल्याला बघवतं का? मंडळी माना खाली घालते. अहो, पण दिवसभर उन्हात होते ते. खोटं बोलले का?

आज दुपारपासून मी त्यांचं वकीलपत्र घेतलं आहे. फी मिळायची नाही, ठाऊक आहे.

कारण सांगितलं तर कुणीही हसेल. नाताळच्या उपासनेची यादी ग्रुपवर आली. यशया संदेष्ट्याचं वाचन त्या नव्या बाईकडे. माझ्या नावापुढे ‘चहापान व स्वागत’. खाली सगळ्यांचे जोडलेले हात आणि आमेन. मीही आमेन टाकलं. न टाकून सांगते कुणाला?

नववा अध्याय आई वाचायची. आईनंतर मी. असा काही ठराव नव्हता, कमिटीच्या वहीत नोंद नव्हती, पण आई गेली त्या वर्षीही मीच उभी राहिले होते, आणि ‘अंधकारात चालणाऱ्या लोकांनी’ इथे आवाज गेला तेव्हा पुढची ओळ मागच्या बाकांवरून आली होती. हे पाळकसाहेबांना माहीत असायचं कारण नाही, ते तेव्हा नव्हते. ती तर नव्हतीच. ती ईस्टरनंतर यायला लागली. चांगली आहे, मन लावून ऐकते, पोरांना घेऊन वेळेवर येते. मला तिचा राग नाही. हे वाक्य लिहून मी थोडा वेळ बघत बसले. बरं, थोडा आहे.

पण खरं टोचतंय ते यादीचं नाही. कालचं आहे.

वहिनीचा गुडघा अजून तसाच, म्हणून मी दादाच्या द्राक्षमळ्यावर होते. काल सकाळी दादाबरोबर नाशिकजवळच्या गिरणाऱ्याला गेले. तिथला मजुरांचा बाजार मी लहानपणापासून बघत आलेय, पण जाता-येता, गाडीच्या काचेतून. काल दादा मुकादमाशी बोलायला उतरला आणि मी रस्त्याच्या कडेला उभी राहिले. थंडी हाडात शिरत होती. हरसूल, पेठ, सुरगाण्याकडून पिकअप भरभरून माणसं येत होती. डोक्याला टॉवेल, कडेवर पोर, पिशवीत भाकरी. बागायतदार येतो, नजरेनेच माणसं मोजतो, रोज ठरतो, गाडी भरते, जाते. बांधलेल्या टोळ्या आधी जातात. मग तरणी जोडपी. मग कात्रीला हात बसलेल्या बाया. ऊन वर येतं तसा रस्ता मोकळा होतो आणि उरतात त्या म्हाताऱ्या, अंगावर पिणारं मूल असलेल्या, आणि ज्यांची गाडी घाटात अडकली त्या.

आम्हाला कोणी कामावर लावलं नाही, असं गोष्टीतले ते पाचला सापडलेले लोक मालकाला सांगतात. इतक्या वर्षांत हे किती वेळा ऐकलं असेल. आणि मला आपलं उगाच वाटत आलेलं, की असतील जरा आळशी. असतील कुठे पान खात बसलेले.

परतताना दादा खुशीत होता. याच आठवड्यात संसदेत रोजगार हमीचा नवा कायदा मंजूर झाला ना. १०० दिवसांचे १२५ झाले, पण पेरणी-कापणीच्या ऐन हंगामात मिळून ६० दिवस सरकारी कामं बंद ठेवायची. म्हणजे हंगामात माणूस आपल्याकडेच येणार, हा दादाचा हिशोब. मी म्हटलं, १९७२च्या दुष्काळात ही योजना आपल्याच राज्यात सुरू झाली, ती शेतावर हात कमी पडावेत म्हणून नव्हे, पोटं रिकामी होती म्हणून. तर म्हणतो, “माई, तू एक बाग लाव, मग बोल.”

बाग लावायला जमीन लागते. हक्कसोडीच्या कागदावर सही करताना मी... असो. तो विषय नाही.

तसं यंदा बागेत आहे काय? एप्रिलमध्ये खरड छाटणी झाली की पुढच्या दीड-दोन महिन्यांत वेलीच्या डोळ्यात घड धरतो, आपल्याला दिसत नाही एवढा. त्याला ऊन लागतं. आणि यंदा मे महिन्यातच आभाळ भरून आलं. २६ मेला मान्सून मुंबईत होता, इतक्या लवकर कधी आलाच नव्हता. तिथून जो बसला तो ऑक्टोबरपर्यंत हलायला तयार नाही. फळासाठीची गोडी छाटणी झाली, डोळे फुटले, आणि घड यायच्या जागी नुसत्या बाळ्या, वेलीचे तणावे. घड जिरला म्हणतात. शेजारच्यांनी तर बागेला कुऱ्हाड लावली. योहानाच्या पंधराव्यात फळ न देणारा प्रत्येक फाटा बाप काढून टाकतो, हे दादाला तोंडपाठ आहे, संडेस्कूलमध्ये त्यासाठी बक्षीस मिळालंय त्याला. त्याने एकही वेल काढला नाही. म्हणतो, आभाळाने खाल्लं त्यात वेलाचा काय दोष?

हे मला फार आवडलं. मनात म्हटलं, फाट्यांच्या बाजूने दादानेही एकदा उपदेश करायला हवा.

आणि संध्याकाळी तोच दादा.

झालं असं की विरळणी, म्हणजे घडातले जादा मणी कातरून काढणं, मागे पडली होती. मणी बाजरीएवढे झाले की घड जीएमध्ये, म्हणजे मणी फुगवणाऱ्या औषधात, बुडवून काढायचे असतात, तो दिवस कुणासाठी थांबत नाही, आणि त्याआधी विरळणी उरकायला हवी. दुपारच्या जेवणाला दादाने अंदाज घेतला, सकाळची टोळी पुरी पडणार नाही. परत गिरणाऱ्याला पिकअप गेली आणि जे उरलेलं होतं ते घेऊन आली. त्यातली एक तर आईच्या वयाची. म्हणजे आई असती तर तिच्या वयाची. अंधार पडेपर्यंत त्या मांडवाखाली माना वर करून मणी कातरत राहिल्या.

पैसे मी वाटले. दादाने पाकिटं केली होती. सकाळच्यांना पूर्ण रोज, दुपारच्यांना अर्धा. रीत तीच आहे, सगळीकडे तीच चालते, त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. कुणी कुरकुरलं नाही. अर्धं पाकीट त्या म्हातारीच्या हातावर ठेवताना मी सहज विचारलं, “आजी, मान धरली असेल ना?” तर म्हणाली, “मानेचं काय न्हाय बाई. सकाळधरनं उभं राहून पाय गेले.”

पैसे कंबरेला खोचून ती गाडीत चढली.

मला टोचतंय ते हे की त्या क्षणी मला बरं वाटलं होतं. तिच्या पायांचं नव्हे, हिशोबाचं. पूर्ण त्याला पूर्ण, अर्ध्याला अर्धा. यादी यायची होती अजून, यादीचा काही संबंध नव्हता. माझ्या खिशातून एक रुपया जाणार नव्हता. सगळ्यांना पूर्ण दिला असता तर बिघडलं असतं दादाचं, आणि यंदा त्याचं आधीच बिघडलेलं आहे. मग मला कसलं समाधान? जगाचा काटा जागेवर असल्याचं? माझा जन्म सकाळच्या टोळीत गेला असं मी धरूनच चालले आहे, त्याचं?

रात्री पडल्या पडल्या ती गोष्ट पुन्हा डोक्यात आली. एक बारकी गोष्ट इतक्या वर्षांत माझ्या लक्षात आली नव्हती. मालक कारभाऱ्याला मुद्दाम सांगतो, शेवटच्यांपासून वाटायला लाग. उलट केलं असतं तर काय झालं असतं? पहाटेच्यांना ठरलेला रोज मिळाला असता, ते खूश होऊन घरी गेले असते, मागे कुणाला किती दिलं हे त्यांना कळलंसुद्धा नसतं. मागे मालकाने काय वाटेल ते वाटावं. पण नाही. त्यांना रांगेत उभं करून दाखवलं. का दाखवलंस? एवढा उदार आहेस तर गुपचूप हो ना उदार. आपणच सांगतोस, उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू देऊ नका.

रात्री यावर मी अगदी जिंकल्यासारखी झोपले. सकाळी उठले तर ती म्हातारी तिथेच. पहाटेच्या मजुरांना सूर्य उगवतानाच माहीत होतं, आज चूल पेटणार. पाचवाल्यांना पाचपर्यंत माहीत नव्हतं. दिवसभर ऊन दोघांच्याही डोक्यावर तेच. यांच्या हाताला काम होतं, त्यांच्या हाताला नव्हतं, आणि रोज फक्त हातांचा धरतात. उभं राहण्याचा कोण धरणार?

आणि मग उपासना, मग घर, मग यादी. छान वेळ साधली.

दुपारी वहिनीला फोन केला, म्हटलं असं असं झालं. ती म्हणाली, “वन्सं, चहा तर तुमच्याच हातचा लागतो सगळ्यांना.” यावर काय बोलणार? फोन ठेवून मी चिडून म्हणाले (भिंतीला), आम्ही शरणपूरचे आहोत, नाशिकच्या मिशनच्या वस्तीतले. जुने. आमची पणजी छप्पन्नच्या (संवत १९५६, म्हणजे १८९९-१९००च्या) दुष्काळात आली तेव्हापासूनचे.

आणि म्हणता म्हणताच थांबले. पणजी दुष्काळात आली. म्हणजे काय, ती पहाटे आली होती? पोटाशी पोर आणि दोन दिवस अन्न नाही अशी आली. तिच्या आधी शरणपूरला माणसं नव्हती का? गुलामांच्या जहाजांवरून सोडवून आणलेली आफ्रिकेतली पोरं होती. तिथेच शिकली, सुतारकाम-लोहारकाम शिकली, त्यांतली काही पुढे आफ्रिका धुंडाळणाऱ्या लिव्हिंगस्टन साहेबाबरोबर गेली. जेकब वेनराइटचं नाव आजोबा घ्यायचे, जणू आमच्या भाऊबंदांतला.

आजोबा सांगायचे ते इतकंच, की १८७३ साली साहेब आफ्रिकेत वारला, त्याचं काळीज तिथेच पुरलं, तेव्हाची प्रार्थना आपल्या नाशिकच्या पोराने वाचली, आणि १८७४च्या एप्रिलमध्ये लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत शवपेटीला हात लावणाऱ्यांत तो होता. आजोबा सांगायचे नाहीत ते मी नंतर वाचलं. जेकब उशिराच गेला होता. १८७२मध्ये मदतीला जी तुकडी पाठवली, तिच्यातला. त्याच्या आधी, १८६६पासून, सगळा प्रवास पायी केलेले साहेबाचे आफ्रिकी सोबती, सुसी आणि चुमा, वेगळेच. साहेबाचा देह किनाऱ्यापर्यंत, नऊ महिने, रानावनातून आणला त्यात पुढारी तेच दोघे. पण मिशनने जहाजाचं भाडं भरलं ते जेकबचं. सुसी आणि चुमा इंग्लंडला पोचले तेव्हा अंत्यविधी होऊन गेला होता.

आता बोला. वाचन कुणी केलं? शेवटी आलेल्याने. आणि आम्ही शंभरावर वर्षं त्याच्याच नावाने छाती फुगवतोय. सुसी-चुमाच्या बाजूने आमच्या घरात कधी कुणी ब्र काढला नाही, मीसुद्धा नाही.

त्यांनी कुरकुर केली का? केली असेलही, ती लिहून कोण ठेवणार? एवढं मात्र ठाऊक आहे, की इंग्लंडमध्ये बसून त्यांनी साहेबाच्या रोजनिशा छापण्याजोग्या करायला मदत केली. कुठली नदी, कुठलं गाव, कुठल्या दिवशी काय झालं, हे सांगायला तेच लागले. ते सुरुवातीपासून होते ना.

म्हणजे चहापान व स्वागत.

हसू आलं मला. एकटीच हसले. कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहिल्या त्यात, डाळीचं पीठ झालं.

वकीलपत्र मी सोडलेलं नाही. पहाटेच्यांचं म्हणणं कुणीतरी मांडायलाच हवं, आणि स्वर्गात एकदा तो प्रश्न मी विचारणार आहे, की का दाखवलंस? पण मला वाटतं मत्तय तिथेच थांबला हे बरं केलं. मालक बोलला, गोष्ट संपली. ते लोक रागाने निघून गेले, की दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच्याच मळ्यावर आले, काही लिहिलेलं नाही. आले असतील. मी तरी कुठे जाणार?

आठच्या सुमाराला तिचा फोन आला. घाबरलेली होती. एवढ्या लोकांपुढे कधी वाचलेलं नाही, माईकची सवय नाही, आणि मंडळीतल्या कुणीतरी तिला सांगितलंय की ते वाचन नेहमी माझं असतं. “माई, मला हे माहीत नव्हतं. मी नको म्हणून सांगू का त्यांना?”

हो म्हणावंसं वाटलं. अगदी जिभेच्या टोकावर होतं.

म्हटलं, आता यादी झाली. एकदा वाचून दाखव, मंगळवारी ये. कधी येऊ म्हणाली. सकाळी करंज्या आहेत, दुपारी अनारसे, म्हटलं, पाचला ये. आणि हळू वाच, पोरी, घाई करू नकोस. तिसऱ्या ओळीनंतर सगळे खोकतात, त्यांना खोकू दे.