छोट्या शिडाच्या बोटीला आउटबोर्ड: एका सफरीत पारखलेल्या दोन मोटरी

किनाऱ्याकिनाऱ्याने शिडाच्या बोटीतून एक सफर करून आलो. दोन बोटी होत्या, एक आमची आणि एक मित्राची, दोन्ही साधारण २२ फुटी. शिडं, वारा, मुक्काम यावर लिहिणारे भरपूर आहेत म्हणून मी मागे लटकवलेल्या छोट्या मोटरीबद्दलच लिहितोय, कारण बोट घेताना सगळ्यात कमी विचार तिचाच होतो आणि वारा पडला की सगळं येऊन पडतं तिच्यावर.

आधी कोणाकडे काय होतं ते सांगतो. आमच्याकडे ६ हॉर्सपॉवरची फोर-स्ट्रोक, एक सिलिंडर, शाफ्ट (मोटर टांगतो तिथून खाली पाण्यातल्या पंख्यापर्यंतची लांबी) २५ इंची. मित्राकडे ८ हॉर्सपॉवर, दोन सिलिंडर, पण शाफ्ट १५ इंची. मुळात ती त्याच्या रबरी होडीची मोटर, ब्रॅकेट ठोकून तीच इकडे बसवलेली. निघताना तो आम्हालाच ऐकवत होता की अडलात तर दोर टाका, ओढून नेतो.

पहिल्या टप्प्यात सकाळचा जमिनीवरचा वारा छान मिळाला आणि मग नेहमीप्रमाणे पडला, समुद्रावरचा यायला अजून अवकाश होता. नेमके तेव्हा आम्ही खाडीच्या तोंडासमोर आणि ओहोटी ऐन जोरात. खाडीतून बाहेर पडणारं पाणी आणि समुद्रावरून आत येणारी लाट एकमेकांवर आदळतात तिथे आखूड, उभ्या लाटा उठतात, बोट जागच्या जागी नाक वरखाली करत राहते. दोघांनीही मोटरी चालू केल्या. आमची घरघरत निघाली. मित्राची मात्र प्रत्येक लाटेला बोटीचं ढुंगण वर उचललं की पंखा पाण्याबाहेर, इंजिन किंचाळायचं, परत पाण्यात बुडाला की एकदम दबायचं, की पुढची लाट हजर. आठ घोडे निम्मा वेळ हवेत चालत होते. शेवटी त्याने पुढे बसलेल्या दोघांना मागे बोलावून अगदी मोटरीजवळ बसवलं तेव्हा कुठे पंख्याने पाणी धरलं आणि बोट हळूहळू सरकायला लागली. हा उपाय लक्षात ठेवा, फुकटचा आहे.

म्हणून मोटर घेताना पहिला प्रश्न शाफ्ट किती हा असू द्या, हॉर्सपॉवर नंतर. बाजारात ढोबळमानाने १५, २० आणि २५ इंच असे तीन प्रकार मिळतात. ब्रॅकेटच्या ज्या फळीवर मोटर टांगणार तिथून पाण्यापर्यंत टेप लावा, आणि तेही माणसं, पाणी, सामान भरलेलं असताना. पंख्याच्या वर एक आडवी चपटी प्लेट असते, वेगाने उडणाऱ्या स्पीडबोटीत ती बोटीच्या तळाच्या जेमतेम खाली असली तरी चालतं, पण शिडाची बोट झुलते, त्यामुळे आपल्याला ती प्लेट पाण्याखाली चांगली खोल हवी. शंका आली तर लांब शाफ्ट घ्या. आणि मोटर मधोमध नसून एका बाजूला असेल तर शिडाच्या जोरावर बोट कलते तेव्हा कोणत्या कुशीवर पंखा बाहेर येतो तेही बघून ठेवा, शीड आणि मोटर एकदम चालवताना त्या कुशीवर जाऊ नका.

आता हॉर्सपॉवर. वजनाच्या दर टनाला साधारण ४ हॉर्सपॉवर हा ठोकताळा सगळीकडे सांगतात आणि तो पुरेसा आहे. त्यापुढे ताकद वाढवून फार काही हाती लागत नाही कारण अशा बोटीच्या वेगाला तिची लांबीच लगाम घालते. पाण्यावर टेकलेली लांबी फुटात घ्या, वर्गमूळ काढा, १.३४ ने गुणा, एवढे नॉट (ताशी सागरी मैल). १८ फुटांना साधारण ५.७ येतात. आम्ही सपाट पाण्यात थ्रॉटल पूर्ण पिळून पाहिला, मागचा भाग खाली बसला, मागे लाटेचा डोंगर उभा राहिला, आवाज दुप्पट झाला आणि वेगात फरक जवळजवळ शून्य. तिथून थ्रॉटल दोन तृतीयांशवर आणला तो सफर संपेपर्यंत तिथेच.

एक गंमत म्हणजे बऱ्याच कंपन्यांच्या ४, ५ आणि ६ हॉर्सपॉवरच्या मोटरी आतून एकाच ब्लॉकच्या असतात, वजन जवळजवळ तेवढंच, २५ ते २७ किलोच्या आसपास. मग ६ घ्यायला हरकत कसली? पण ८ किंवा ९.९ ला गेलात की बहुतेक दोन सिलिंडर आले, वजन ४० च्या आसपास आणि ते सगळं बोटीच्या अगदी टोकाला लटकलेलं. ते वजन हलत्या बोटीतून एकट्याने उचलून बघा आणि मग ठरवा. त्यापेक्षा कमी पिचचा, म्हणजे एका फेऱ्यात कमी अंतर कापणारा पण ढकलायला ताकद देणारा पंखा मागून घ्या. मोटरीसोबत येणारा पंखा बहुतेकदा हलक्या होडीला पळवायला केलेला असतो, आपल्याला जड बोट ढकलायची आहे.

इलेक्ट्रिक घेऊ का असं वाटेत भेटलेल्या एकाने विचारलं. धक्क्यावरून निघून शीड उभारेपर्यंत आणि परत येताना तेवढंच, एवढाच वापर असेल तर खुशाल घ्या, पेट्रोलची कटकट नाही. पण एक किलोवॉटची मोटर आणि एक किलोवॉट-तासाची बॅटरी म्हणजे पूर्ण जोरात तासाभराचा खेळ. त्या खाडीच्या तोंडाशी आम्हाला त्याहून जास्त वेळ लागला.

पेट्रोलचा हिशोब असा की ५ हॉर्सपॉवर पूर्ण जोरात तासाला दीड लिटरच्या आसपास पितात, आमच्यासारखं सावकाश चालवलं तर बरंच कमी. एक तृतीयांश जायला, एक तृतीयांश यायला आणि एक तृतीयांशाला हात लावायचा नाही. सुट्ट्या टाकीच्या झाकणावर हवेचा स्क्रू असतो तो उघडायला विसरलात तर मोटर मजेत सुरू होते आणि पाच-दहा मिनिटांनी, म्हणजे नेमकी नको तिथे, घुसमटून बंद पडते. पाइपातल्या रबरी फुग्यावरचा बाण मोटरीकडे हवा.

खाडीत शिरून नांगर टाकला तर मित्राच्या मोटरीचं नवीनच नाटक सुरू झालं. न्यूट्रलला आवाज वरखाली व्हायचा, गिअर टाकला की बंद. चोक अर्धा ओढून ठेवला तर मात्र चालायची. हे लक्षण ध्यानात ठेवा, चोकवर तग धरते म्हणजे पेट्रोल कमी पोचतंय, म्हणजे कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये, पेट्रोल सोडणाऱ्या बारीक भोकात, कचरा नाहीतर पाणी. प्लग बदलत बसू नका. कार्ब्युरेटरच्या तळाला पेट्रोल साठतं त्या फ्लोटच्या वाटीला खाली एक स्क्रू असतो, तो सैल करून आतलं पेट्रोल काचेच्या बरणीत घेतलं (पाण्यात सोडू नका प्लीज) आणि उजेडात धरलं तर तळाशी पाण्याचे टपोरे थेंब, हलवलं की इकडून तिकडे घरंगळत होते, पेट्रोलमध्ये मिसळत नव्हते. इथेनॉलवालं पेट्रोल हवेतला ओलावा ओढून घेतं आणि एका मर्यादेपलीकडे पाणी वेगळं होऊन तळाला बसतं. ती टाकी मागच्या मोसमापासून अर्धी भरलेली तशीच पडून होती. वाटी रिकामी केली, आमच्याकडचं ताजं पेट्रोल दिलं, पुढे तक्रार नाही. नळी आणि वाटीच्या मधे पाणी वेगळं करणारा फिल्टर बसवला तर हा प्रकार मुळातच टळतो.

आमच्या मोटरीनेही एकदा दम दिला. मागून पाण्याची एक बारीक धार सतत उडत असते ती दोऱ्याएवढी झाली. ही धार म्हणजे थंड करणारं पाणी फिरतंय याची पावती, मोटर चालू केल्यावर सगळ्यात आधी तिकडे बघायचं. लगेच बंद केली, वर उचलली, खाली पाणी ओढायच्या जाळीवर प्लास्टिकची पिशवी चिकटलेली. ती काढूनही धार बारीकच, मग मासेमारीच्या जाड नायलॉनच्या दोऱ्याचा तुकडा त्या भोकात घालून फिरवला, मिठाचा खडा निघाला आणि धार पूर्ववत. हे दोन्ही करूनही धार आली नसती तर संशय इम्पेलरवर. तो रबरी पंपाचा पंखा पाण्याशिवाय काही सेकंद फिरला तरी भाजतो, म्हणून मोटर कोरडी चालू करून "जरा बघतो" हा प्रकार कधीच नको. वर्षाला बदलून टाका, दिसायला चांगला असला तरी पाती एका बाजूला वळून तशीच बसलेली असतात. बसवताना ग्लिसरीन किंवा साबण लावा आणि फिरायच्या दिशेनेच फिरवत आत ढकला.

धक्क्याला लावताना एक गोष्ट नवख्यांना गोंधळवते. ब्रॅकेटवरचा पंखा सुकाणूच्या मागे असतो, त्यामुळे त्याचा झोत सुकाणूवर पडतच नाही आणि बोट थांबत आली की सुकाणू मेलं. अशा वेळी मोटरीचाच दांडा वळवायचा. रिव्हर्स टाकण्याआधी मोटर वर उचलायचा खटका लॉक आहे ना बघा, नाहीतर ती पाण्याबाहेर उसळते. मोटर झटक्यात बंद करायच्या दोरीचं टोक मनगटाला हवंच, आणि क्लॅम्पचे स्क्रू रोज सकाळी हाताने आवळा, धडधडून सैल होतात. शिवाय मोटर बोटीला दोराने बांधलेली हवी.

परत आल्यावर खाऱ्या पाण्यानंतर गोड्या पाण्याच्या पिंपात दहा-पंधरा मिनिटं न्यूट्रलला चालवा, मग उभी ठेवून पाणी पूर्ण निथळू द्या. मोटरीच्या धातूऐवजी स्वतः झिजावा म्हणून लावलेला जस्ताचा तुकडा निम्मा झिजला की बदला, त्याला रंग फासू नका, झिजणं हेच त्याचं काम. गिअर ऑइल काढल्यावर दुधाळ दिसलं तर पाणी शिरलंय, पंखा काढून मागे बघा, बहुतेक वेळा मासेमारीचा दोरा गुंडाळून त्याने सील कापलेलं असतं. नवीन ऑइल खालच्या भोकातून भरायचं, वरच्या भोकातून बाहेर येईपर्यंत, आणि आधी वरचा स्क्रू लावून मग खालचा.

फोर-स्ट्रोक आडवी ठेवायची असेल तर कोणत्या कुशीवर ते मोटरीवरच खूण करून दिलेलं असतं, तीच कूस, नाहीतर ऑइल सिलिंडरमध्ये उतरतं. आणि महिना-दोन महिने हात लागणार नसेल तर वाटीचा स्क्रू उघडून कार्ब्युरेटर रिकामा करा, नुसता पेट्रोलचा कॉक बंद करून मोटर आपोआप बंद पडेपर्यंत चालवली तर तळाशी थोडं राहतंच आणि तेच सुकून जेटमध्ये चिकटतं. टाकीत उरलेलं ताजं, स्वच्छ पेट्रोल गाडीत ओतून संपवा, टू-स्ट्रोकचं ऑइल मिसळलेलं असेल तर मात्र नको.