न्यायाधीन बंदीशी नोंदणी विवाह : माझा अनुभव

माझ्या होणाऱ्या नवऱ्याला अटक झाली तेव्हा आमचा साखरपुडा झालेला होता आणि कार्यालय ठरवायचे तेवढे बाकी होते. खटला अजून चालू असल्यामुळे त्याविषयी येथे काही लिहिणार नाही. कच्चा कैदी (न्यायाधीन बंदी, म्हणजे खटल्याचा निकाल लागायचा असलेला) म्हणून आत असलेल्या माणसाशी रीतसर लग्न कसे लागले, एवढेच सांगायचे आहे. "तो सुटून येऊ दे, मग बघू," असे आई म्हणत होती आणि तिचे म्हणणे गैर नव्हते. पण खून, फसवणूक किंवा अमली पदार्थांच्या खटल्यांत 'सुटून येणे' कधी, हे कोणीच सांगू शकत नाही, आणि तोवर कारागृहातल्या मुलाखतीच्या, म्हणजे भेटीच्या, नोंदणीत नात्याच्या रकान्यापाशी माझे घोडे दर वेळी अडत होते. त्याच्या बहिणीला कोणी काही विचारत नसे, मला मात्र "तुम्ही कोण?" या प्रश्नाचे उत्तर खिडकीवर, मागच्या रांगेच्या देखत, द्यावे लागे.

कैद्याने लग्न करू नये असे कोणताही कायदा म्हणत नाही. आमचा नोंदणी विवाह ज्याखाली झाला त्या विशेष विवाह कायदा, १९५४ च्या कलम ४ मधील अटी वय, हयात पती किंवा पत्नी नसणे, मानसिक क्षमता आणि निषिद्ध नाते यांपुरत्या आहेत. माझ्या मामांनी विवाह अधिकाऱ्यांकडे जाऊन "मुलगा जेलमध्ये आहे, हे लग्न थांबवा," असे सांगून पाहिले, तेव्हा त्यांना हेच ऐकावे लागले की ही हरकत कलम ४ मध्ये बसत नाही. (मामा पुढे लग्नाला आले नाहीत, पण मामींच्या हातून साडी पाठवली.) खरी अडचण अशी की, या प्रक्रियेतला प्रत्येक कागद दोन मोकळी माणसे शेजारीशेजारी उभी आहेत असे गृहीत धरून तयार झालेला आहे.

लग्न करणार असल्याची नोटीस विवाह अधिकाऱ्यांना आधी द्यावी लागते. पहिला प्रश्न तिच्यावरच्या त्याच्या सहीचा होता. दोघांनीही समक्ष यावे, असे कार्यालयातून सांगण्यात आले. आमच्या वकीलबाईंनी दाखवून दिले की कलम ५ लेखी नोटीस मागते, आणि वकीलपत्र ज्या वाटेने आत जाऊन सही होऊन येते त्याच वाटेने नोटिशीचा नमुनाही जाऊ शकतो. तो तसाच गेला आणि त्याच्या सहीखाली तुरुंगाधिकाऱ्यांची साक्षांकनाची सही व शिक्का घेऊन परत आला. रहिवासाची अट मात्र सोपी निघाली, कारण नोटिशीपूर्वीचे सलग ३० दिवस त्या जिल्ह्यात राहिल्याचा पुरावा दोघांपैकी एकाचा असला तरी पुरतो, आणि माझा होता. त्याचे कायमचे घर दुसऱ्या जिल्ह्यात असल्याने नोटिशीची प्रत तिकडच्या विवाह अधिकाऱ्यांकडेही गेली, म्हणजे त्याच्या गावाकडच्या मंडळींनाही ती वाचायला मिळाली. आमच्याविषयी कोणाला काही कळायचे राहिलेच असेल, तर ते तिथे भरून निघाले.

खरी कसोटी पुढे होती. हरकतींसाठी ३० दिवस थांबावे लागते आणि नोटिशीपासून ३ महिन्यांत लग्न लागले नाही, तर नोटीस बाद होऊन सगळे पुन्हा सुरू करावे लागते. म्हणजे त्याला बाहेर आणण्याची परवानगी मधल्या काळात मिळून ती अमलातही यायला हवी. शिक्षा झालेल्या कैद्याचे प्रकरण फर्लो व पॅरोल (शिक्षेच्या काळातली तात्पुरती रजा) नियमांखाली जाते. २०१८ मध्ये अबू सालेमने लग्नासाठी मागितलेला पॅरोल मुंबई उच्च न्यायालयाने नाकारला होता, आणि मुलाखतीच्या रांगेत हा दाखला देणारे कोणीतरी भेटतेच. न्यायाधीन बंदीला पॅरोल नसतो. त्याने खटला जिथे चालू आहे त्या न्यायालयाकडे जायचे असते. आम्ही सत्र न्यायालयाकडे तात्पुरता जामीन मागितला. सरकारी वकिलांनी विरोध केला, जामीन मिळाला नाही, पण पोलीस बंदोबस्तात एका दिवशी विवाह कार्यालयात नेऊन त्याच दिवशी परत आणावे, खर्च अर्जदाराने भरावा, असा आदेश झाला.

त्या आदेशात तारीख ठरवून दिली होती. ती नेमकी गणपतीच्या दिवसांतली निघाली, सगळे पोलीस मनुष्यबळ रस्त्यावर होते आणि त्याला नेण्यासाठी गार्ड मिळाला नाही. तारीख उलटली आणि आदेशही संपला. पुन्हा अर्ज करावा लागला, आणि या वेळी वकीलबाईंनी 'विवाह अधिकारी ठरवतील त्या कामाच्या दिवशी' असा मजकूर मागून घेतला, शिवाय आदेशाची प्रत कारागृह अधीक्षकांबरोबर पोलीस मुख्यालयालाही थेट जावी, अशी विनंती केली. कोणी या वाटेने जाणार असेल, तर मी आधी हेच सांगेन. बाकीच्या गोष्टी निभावतात.

लग्न कार्यालयातल्या टेबलापाशी लागले. एका हवालदारांनी सहीपुरती हातकडी सोडली आणि ते दाराशी उभे राहिले. माझी मैत्रीण, त्याची बहीण आणि वकीलबाईंचा ज्युनिअर असे तीन साक्षीदार होते. कायद्याप्रमाणे दोघांनी एकमेकांचा पती-पत्नी म्हणून स्वीकार तोंडाने बोलून करायचा असतो आणि तो दोघांना समजेल त्या भाषेत चालतो. त्याने मराठीत म्हटले, पण आवाज इतका खाली गेला की अधिकाऱ्यांनी "पुन्हा, मोठ्याने," असे सांगितले. हार घालू दिले. पेढे मात्र हवालदारांनीच अडवले: "ताई, इथे खाऊ द्या, बरोबर देऊ नका. गेटवर झडतीत काढून घेतील." अंगठीही त्याने माझ्याकडेच परत दिली.

पंजाबात २०२२ पासून काही कारागृहांत पती-पत्नींना एकांत भेटीची सोय झाली आहे. आमच्याकडे लग्नानंतरही मधली काच आणि फोनच. बदल झाला तो कागदावर, आणि तो कमी नाही. ई-मुलाकातीच्या (कारागृह भेटीच्या ऑनलाइन) नोंदणीत मी आता पत्नी आहे. प्रमाणपत्राच्या साक्षांकित प्रती जास्तच घ्याव्यात, कारण कारागृह, न्यायालय आणि वकील यांच्याकडे गेलेली प्रत परत येत नाही. आमची शेवटची प्रत नियमित जामिनाच्या अर्जाला जोडली असून, त्यात राहण्याचा पत्ता माझ्या घराचा दिला आहे.