जिन्याखालचा शॉवर आणि सोसायटीचा शिक्का

बडोद्यात मांजलपूरला आमचं टेनामेंट, म्हणजे सोसायटीतलं छोटं दुमजली घर आहे. न्हाणीघर एकच, तेही वर. शाळा, ऑफिस, फर्स्ट शिफ्ट, सगळ्यांची आंघोळीची वेळ एकच. म्हणून जिन्याखाली शॉवर करायचं ठरलं. काम झालं, चांगलं झालं. पण सोसायटीच्या कमिटीवरचा राग अजून डोक्यातून गेलेला नाही, तेव्हा आधी कामाचं सांगून टाकतो.

"जिन्याखाली कुठे बाथरूम होते का?" असं विचारणारे खूप भेटले. होते, फक्त मापात बसवावी लागते. नॅशनल बिल्डिंग कोडप्रमाणे न्हाणीघर कमीत कमी 1.8 चौरस मीटर, रुंदी 1.2 मीटर, आणि छत जिथे सगळ्यात खाली येतं तिथेही उंची 2.1 मीटर हवी. शिवाय एक भिंत बाहेरच्या हवेला उघडणारी. जिना तीन फुटी, म्हणजे रुंदीतच अडलो. ती पॅसेजमधून फूटभर घेऊन भागवली. उंचीसाठी इंजिनिअरने फरशी खाली न्यायला सांगितली. तळमजला असल्याने ते जमतं. आमची पायरी सात इंच उंच, दहा इंच रुंद. सहा इंच खोदलं की तिरक्या स्लॅबखाली पुऱ्या उंचीची लांबी साधारण साडेआठ इंच जास्त मिळते.

मग फूटभर का नाही खोदायचं? कारण पाणी शेवटी अंगणातल्या चेंबरला जायचंय. मिस्त्रीने पारदर्शक नळीत पाणी भरलं, एक टोक चेंबरच्या काठावर मला धरायला लावलं, दुसरं जिन्याखाली भिंतीला टेकवलं. पाणी डुचमळायचं थांबेपर्यंत तो एक शब्द बोलला नाही. मग कानामागची पेन्सिल काढून रेघ मारली आणि त्या रेघेवरून मोजून सांगितलं, सहा इंचांच्या खाली गेलात तर उतार उरणार नाही. जिन्याचा बीम "जरासा" तासू म्हणणाऱ्या कारागिराला मात्र चहा पाजून परत पाठवा. खालचा तिरका कोपरा आम्ही भिंत घालून वेगळा काढला, त्यात आता सिलिंडर आणि जुनी रद्दी.

आता खिडकी. दीड फूट बाय सव्वादोन फूट, आमच्याच भिंतीत, आमच्याच मार्जिनमध्ये, म्हणजे घराभोवती सोडलेल्या मोकळ्या जागेत उघडणारी. समोर शेजारच्या बेनची कोरी भिंत. पण बाहेरच्या भिंतीला हात लावायचा तर सोसायटीची एनओसी, म्हणजे ना-हरकत पत्र हवं. हेही मान्य. अर्ज दिला तर सेक्रेटरी म्हणाले, "नवरात्री पछी जोईशुं." नवरात्र झाली, दिवाळी आली. दिवाळीत बडोद्यात कुणाला काम सांगायची सोय नाही, लाभपाचमीपर्यंत सगळं बंद. त्यानंतर गेलो तर पास झालेला मूळ प्लॅन मागितला. दिला. मग इंजिनिअरचं पत्र. दिलं. मग म्हणे शेजाऱ्यांची सही. एका दमात सगळं सांगितलं असतं तर सेक्रेटरींचं काय गेलं असतं? पण प्रत्येक वेळी कागद बघायचे, चष्मा काढायचा आणि नवीन कागद आठवायचा.

बेन मुलीकडे न्यू जर्सीला. त्यांनी लगेच व्हॉट्सअ‍ॅपवर निरोप पाठवला, "करो ने भाई, मने शुं वांधो!" तो सेक्रेटरींना ऐकवला. ते हसले, आणि "ओरिजनल सही जोईए." इकडे टाइल्सची खोकी ओसरीवर, मिस्त्री दुसऱ्या साइटवर, आणि बायको रोज सकाळी नुसती खोक्यांकडे बघायची. मी त्या ऑफिसात आवाज चढवला, त्याचा उपयोग शून्य झाला.

उपयोग झाला तो इंजिनिअरच्या युक्तीचा. साधं पत्र लिहिलं: सोबत हे हे कागद जोडले आहेत, शेजाऱ्यांची सही उपविधीच्या कोणत्या कलमाखाली लागते ते लेखी कळवावं. दोन प्रती, एकीवर आवक शिक्का. शिक्का मारताना क्लार्क घुटमळला, तेव्हाच कळलं की बाण बसला. पुढच्याच मीटिंगमध्ये एनओसी मंजूर. कलम कोणतं, ते आजतागायत कुणी सांगितलेलं नाही. तेव्हा पहिल्याच अर्जाच्या प्रतीवर शिक्का घ्या, तोंडी "आपी दो" (देऊन टाका) वर जाऊ नका.

पुढचं काम भराभर झालं. हो, एक राहिलं: टाइल्स लावण्याआधी वॉटरप्रूफिंगवर पाणी साठवून ठेवा, निदान चोवीस तास. मिस्त्री घाई करतो, करू द्या. नहाणी ट्रॅपमध्ये (फरशीतल्या जाळीखालच्या भांड्यात) 50 मिलिमीटर पाणी राहायला हवं, नाहीतर वास. ऑगस्ट 2024 च्या पुरात विश्वामित्रीच्या बाजूच्या ओळखीच्यांकडे मोरीतून पाणी उलटं वर आलं होतं, आणि आमची फरशी तर मुद्दाम खाली नेलेली. म्हणून बाहेर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवला. गीझरच्या लाइनला 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) घ्या. दार बाहेर उघडणारं करा, आत तेवढी जागाच नसते.