पावणेतीनात पाव किती?

२ ३/४ म्हणजे पावणेतीन. एका पूर्णात चार पाव, दोनांत आठ, वरचे तीन धरून अकरा. म्हणून ११/४. पूर्णांकाला छेदाने गुणा, अंश मिळवा, छेद तोच ठेवा.

मुलं हमखास छेदालाही गुणतात आणि ११/८ लिहितात. ते तर दीडपेक्षाही कमी! पाव मोजतोय, तर छेद चारच राहणार. ११ ला ४ ने भागून पाहायची सवय लावाच: भागाकार २, बाकी ३.

ऋण संख्येत जास्त गोंधळ होतो. −२ ३/४ साठी −८ + ३ करून −५/४ येतं, ते चूक. ऋण चिन्ह अख्ख्या पावणेतीनाला आहे. ते बाजूला ठेवा, ११/४ काढा, मग चिन्ह लावा: −११/४.